मुंबई पोलिसांत भरती व्हायचंय: पात्रता, ग्राउंड, लेखी आणि कागदपत्रं

माणदेशी_वाट

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. तिथं बसणाऱ्या पोरापोरींपैकी निम्म्याहून जास्त जण पोलीस भरतीच्या मागे आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना मुंबई शहरच हवं आहे, कारण जागा तिथं जास्त निघतात. मुलं मेहनती आहेत, पण माहिती मात्र सगळी ऐकीव. कुणी सांगतं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, झालं की झालंच, कुणी म्हणतं वशिल्याशिवाय काही होत नाही, कुणी अ‍ॅकॅडमीच्या फलकावरचे आकडे पाठ करून येतं. या सगळ्यांना एकाच जागी वाचायला देता येईल असं काहीतरी हवं, म्हणून हा धागा.

मला पक्कं माहीत आहे ते आधी लिहितो. पोलीस शिपाई पदासाठी बारावी पास लागते. वय खुल्या प्रवर्गात १८ ते २८, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत. उंची मुलांना १६५ सेंटिमीटर, मुलींना १५५. मुलांची छाती न फुगवता ७९ आणि फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर जास्त. त्यानंतर मैदानी चाचणी ५० गुणांची आणि लेखी १०० गुणांची. मुलाखत नाही. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावणं २० गुणांचं, १०० मीटर १५ गुणांचं आणि गोळाफेक १५ गुणांची. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी तेच. मैदानात निम्मे, म्हणजे २५ गुण लागतात. ते मिळाल्यावरही सगळ्यांना लेखीला बोलावत नाहीत, प्रवर्गातल्या दर जागेमागे दहा जणांना बोलावतात. लेखीत किमान ४० टक्के हवेत.

हे सगळं जाहिरातीत छापलेलं असतं. आमची मुलं अडतात ती या आकड्यांवर नव्हे. ती अडतात ती पात्र असणं आणि निवड होणं यांच्या मधल्या जागेत. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्यातले बहुतेक सगळे बारावी पास आणि उंचीत बसणारेच असणार. मग कोण राहतं आणि कोण गळतं, हे आत असलेल्यांनी आणि या वाटेने गेलेल्यांनी सांगावं. तीन गोष्टींवर जरूर लिहा: कागदपत्रं, पोलीस केस असलेल्या मुलांचं काय, आणि मुलींच्या अडचणी.

खाकी_लाईन

मुंबईत हवालदार आहे. भरतीच्या बंदोबस्तात ग्राउंडवर बऱ्याचदा ड्युटी केली आहे, त्यामुळे नजरेसमोरचंच लिहितो.

पहिला गळतीचा टप्पा उंची-छातीचा. पहाटे रांग लागते, हॉल तिकीट आणि ओळखपत्र बघतात, मग उंचीच्या पट्टीखाली उभं करतात. टाचा, पाठ, डोकं टेकलेलं हवं. इथं जो बसला नाही तो धावायच्या ट्रॅकपर्यंत पोचतच नाही, थेट गेटबाहेर. दर भरतीत पाहतो, एखादा मुलगा चार-चार वर्षं पळून आलेला असतो आणि १६४ वर काही तरी भरतो. त्याची उंची गावात कुणी नीट मोजलेलीच नसते. शाळेच्या भिंतीवरच्या खडूच्या रेघेवर विसंबून येतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन अनवाणी उंची मोजून घ्या, हे पहिलं काम. आणि मापावर आक्षेप असेल तर तिथल्या तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे अपील करायचं असतं. घरी जाऊन केलेल्या तक्रारीला अर्थ उरत नाही.

छातीचंही तसंच. बारीक मुलांना ७९ पेक्षा फुगवल्यानंतरचे ५ सेंटिमीटर जड जातात. टेप लागल्यावर खांदे उचलतात, श्वास छातीत जातच नाही. मोजणारा तसं चालू देत नाही.

वशिल्याचं विचारलं आहे म्हणून सांगतो. धावताना अंगावर चिप असते, वेळ मशीनवर पडते, चित्रीकरण चालू असतं. गोळ्याचं अंतर सगळ्यांसमोर टेपने मोजतात आणि गुण मुलाला दाखवून सही घेतात. ‘तुमचं काम करून देतो’ म्हणत पैसे मागणारा माणूस भेटला तर तो फसवणारा आहे. पैसे देऊ नका. देणाराही गुन्ह्यात येतो, हे मुलांच्या वडिलांनाही सांगा. जमीन विकून पैसे देणारे बाप पाहिले आहेत, म्हणून तळमळीने लिहितोय.

मैदानमित्र

शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलांना सकाळी मैदानावर घेतो.

मुलांना १६०० मीटरमध्ये पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत यायला लागतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर ह्या चार फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला साधारण साडेसत्त्याहत्तर सेकंद. गावाकडची मुलं डांबरी रस्त्यावर ‘रोज पाच किलोमीटर पळतो’ म्हणतात, पण घड्याळ लावून फेरी कुणी मोजत नाही. पहिली फेरी सत्तरच्या आत मारतात, गर्दीत पुढे जायचं असतं, आणि तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. शर्यत तिसऱ्या फेरीतच जाते. तिथे वेग धरून ठेवायचा सराव वेगळा करावा लागतो: ४०० मीटर ठरल्या वेळेत, मध्ये थोडी विश्रांती, पुन्हा ४०० मीटर.

मुलींचे ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत झाले तर २० गुण. फेरीला ८५ सेकंद. हे नियमित सरावाने जमतं, घाबरायचं कारण नाही.

१०० मीटरला मुलांना साडेअकरा सेकंद आणि मुलींना १४ सेकंद, तेव्हा १५ पैकी १५. मुलांचे साडेअकरा फार कठीण आहेत, जन्मजात वेग असलेल्यालाच ते शक्य. इथे दोन-तीन गुण जातील हे धरूनच चाला. भरून काढायची जागा गोळाफेक आहे आणि तिच्याकडेच सगळ्यांचं दुर्लक्ष होतं.

मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, साडेआठ मीटर गेला की पूर्ण गुण. मुलींचा ४ किलोचा, ६ मीटर. गोळा बोटांच्या मुळांवर धरायचा, तळहातात नव्हे. मानेला, हनुवटीखाली टेकवायचा आणि तिथूनच वर ढकलायचा. क्रिकेटच्या चेंडूसारखा खांद्यामागून फेकला की फाऊल. फेकल्यावर तोल जाऊन वर्तुळाच्या पुढच्या बाजूने बाहेर पडलात तरी फाऊल. ताकद हाताची नसते, ती पायातून आणि कमरेतून येते. आमच्याकडे किरकोळ बांध्याची मुलं नुसतं तंत्र सुधारून दीड मीटर पुढे गेली आहेत. नदीतला दगड घेऊन सराव करणाऱ्यांना एकच सांगणं, निदान शेवटच्या दोन महिन्यांत खऱ्या वजनाचा लोखंडी गोळा वर्गणी काढून आणा.

आणि इंजेक्शनं, गोळ्या यांच्या नादी कुणी लागू नका. भरतीच्या ठिकाणी असली औषधं सापडल्याच्या बातम्या आल्या आहेत. २०१४ साली मुंबईच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना उमेदवारांचे जीव गेले, तेव्हा उन्हाळा होता आणि कित्येक मुलं उपाशीपोटी, रात्रभर जागून आली होती. त्यानंतरच शिपाई पदासाठीचं अंतर कमी झालं. राज्य राखीव पोलीस दलाला मात्र आजही ५ किलोमीटर आहेत. आदल्या रात्री झोप, सकाळी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आणि पाणी. एवढं तरी पाळा.

अनुजा_लातूर

मी स्वतः तयारी करतेय, म्हणून मुलींचं मी लिहिते.

सराव करायला सुरक्षित जागा हीच पहिली अडचण. मुलगे पहाटे साडेचारला हायवेवर पळतात, आम्हाला घरून तेवढ्या अंधारात सोडत नाहीत. आम्ही पाच जणी मिळून जायला लागलो तेव्हा घरच्यांनी मान्य केलं. एकटीने सुरू करू नका, गट करा.

दुसरं म्हणजे मुंबईला ग्राउंड असेल तर आदल्या रात्री कुठे राहायचं? २०२४ ला पावसाळ्यात ग्राउंड घेतलं तेव्हा लांबून आलेली मुलं उड्डाणपुलाखाली, फुटपाथवर झोपलेली होती, बातम्यांतही आलं होतं. मुलींनी तसं कसं राहायचं? नातेवाईक नसतील तर खर्च परवडत नाही. जे मुंबईत राहतात त्यांनी आपापल्या गावच्या मंडळाच्या खोल्यांमध्ये एका रात्रीची सोय करून दिली तर खूप मोठी मदत होईल. कामगार वस्तीत अजून अशा गावकीच्या खोल्या आहेत.

तिसरी गोष्ट पाळीची. ग्राउंडची तारीख आणि पाळी एकत्र आली की काय करायचं, यावर अ‍ॅकॅडमीत कुणी बोलत नाही. सरावातही त्या दिवसांत सुट्टी घेऊ नका, हळू पळा, पण पळा, म्हणजे आपल्या शरीराचा अंदाज येतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊ नका.

आणि एक चांगली बातमी, जी पुष्कळ जणींना माहीतच नसते. महिलांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच महिलांचा वाटा. खुल्या प्रवर्गातल्या मुलींना त्यासाठी आधी नॉन-क्रिमिलेयर (घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र) लागायचं, ते मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढून टाकलं. ओबीसी, भटके-विमुक्त वगैरे प्रवर्गातल्या मुलींना मात्र ते अजूनही लागतं. एससी, एसटीला लागत नाही.

सेतूताई

अनुजा, छान लिहिलंस गं. नॉन-क्रिमिलेयरचा विषय निघालाच आहे तर कागदपत्रांवर मी लिहिते. आपले सरकार केंद्र चालवते, भरती निघाली की आमच्या दारात रांग असते.

मुलं अर्ज भरताना प्रवर्ग निवडतात आणि दाखला ‘नंतर काढू’ म्हणतात. नंतर म्हणजे ग्राउंड पास झाल्यावर. पण दाखल्यावरची तारीख जाहिरातीत मागितलेल्या मुदतीतली लागते. नॉन-क्रिमिलेयर असो किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र), दोन्ही ठरावीक आर्थिक वर्षांपुरते वैध असतात. गेल्या भरतीचं प्रमाणपत्र फाईलमध्ये असलं म्हणजे झालं, असं नाही. जाहिरात यायच्या आधीच, एप्रिल-मे महिन्यात, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला घेऊन प्रमाणपत्र काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सगळा जिल्हा एकदमच अर्ज करतो आणि पोर्टल चालत नाही.

जात वैधता, म्हणजे जातीचा दाखला पडताळल्याचं प्रमाणपत्र, हा त्याहून लांबचा प्रवास. बारावी विज्ञानला असताना ज्यांनी काढली त्यांची सुटका झाली. कला शाखेच्या मुलांनी ती काढलेलीच नसते. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा उतारा, महसुली नोंद हे सगळं शोधायला महिने जातात. आजच सुरुवात करा.

मराठा मुलांसाठी: २०२४ च्या कायद्याने एसईबीसीचं (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाचं) १० टक्के आरक्षण आलं. त्यात मोडणाऱ्याला ईडब्ल्यूएस चालत नाही. कुणबी नोंद सापडलेली असेल तर ओबीसी. अर्जात यातलं एकच निवडता येतं आणि अर्ज गेल्यावर ते बदलता येत नाही. म्हणून घरात बसून, नीट ठरवून मगच भरा.

नावातला फरक हे रोजचं दुखणं. दहावीच्या सनदेवर ‘विठ्ठल’, आधारवर ‘विठल’. वडिलांचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आद्याक्षर. दहावीची सनद हा पाया धरा आणि बाकी सगळं तिच्याप्रमाणे करून घ्या. लग्न झालेल्या मुलींनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. जातीचा दाखला मात्र माहेरचाच, वडिलांकडचाच लागतो.

समांतर आरक्षणाची कितीतरी प्रमाणपत्रं घरात पडून असतात आणि मुलांना त्यांचा पत्ता नसतो. धरणात जमीन गेलेल्या घरातले प्रकल्पग्रस्त, किल्लारीच्या पट्ट्यातले भूकंपग्रस्त, तीन वर्षं सेवा झालेले होमगार्ड, पोलिसांची मुलं, खेळाडू, अनाथ या सगळ्यांना काही टक्के जागा राखीव असतात. खेळाडूंनी प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा विभागाकडून आधीच करून घ्यायची असते. नुसतं शाळेतलं प्रशस्तिपत्र कामाला येत नाही. आणि लग्न झालेल्यांसाठी, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. २००५ च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त हयात मुलं असतील तर अडचण येते.

बेळगावचा_बाळू

सेतूताई, एक भर घालतो. सीमाभागातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मराठी भाषिक मुलांनाही या भरतीत अर्ज करता येतो. तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. आमच्याकडे कित्येक पोरांना हे माहीत नाही. ती बेंगळुरूच्या परीक्षांसाठी कन्नड शिकत बसतात आणि इथली संधी सोडतात. लेखी मराठीत असते, मराठी व्याकरणाचे प्रश्न असतात. मराठी शाळेत शिकलेल्याला तिथे घरच्यासारखं वाटतं.

माणदेशी_वाट

सेतूताई, तुमचा प्रतिसाद छापून अभ्यासिकेच्या भिंतीवर लावतो. बाळूभाऊ, हे मलाही नवीन होतं, आभार.

केसबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडचा एक मुलगा, गुणी, पळायला पहिला. गावच्या यात्रेतल्या भांडणात बारा जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात याचंही नाव आलं. तो म्हणतो, ‘काका, आता अर्जच भरत नाही.’ दुसरीकडे त्याला कुणीतरी सांगितलंय की त्या रकान्यात ‘नाही’ लिही, कुणी बघत नाही.

वकिली_नाशिक

त्या मुलाला आजच सांगा, ‘नाही’ लिहायचं नाही. दुसरं कुठलंही संकट परवडेल, हे परवडणार नाही.

निवड झाल्यावर साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात विचारतात: कधी अटक झाली का, गुन्हा दाखल झाला का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का. हा नमुना तुमच्या राहत्या पोलीस ठाण्याकडे पडताळणीला जातो. सगळी नोंद आता संगणकावर असते. लपवलं तर ते उघडं पडतंच आणि मग प्रश्न मूळ भांडणाचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो.

या विषयावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २०१६ मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात तत्त्वं घालून दिली आहेत. सोप्या भाषेत सांगतो. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, काही दडवलेलं नसावं. प्रकरण अगदी क्षुल्लक असेल, न्यायालयाने उदाहरण दिलं आहे तरुण वयात घोषणा दिल्याचं, तर नियुक्ती अधिकारी ते दडवल्याकडेही दुर्लक्ष करू शकतात. गुन्हा गंभीर असेल तर उमेदवारी रद्द करू शकतात. गंभीर प्रकरणात तांत्रिक कारणाने किंवा संशयाचा फायदा मिळून सुटलेला असेल, तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार त्यांना राहतो. आणि सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असं बंधन त्यांच्यावर नाही, मात्र निर्णय सारासार विचार करूनच घ्यावा लागतो.

म्हणजे खरं सांगण्यात जोखीम आहे, पण वाट उघडी राहते. खोटं सांगितलं तर बहुतेक वेळा वाटच बंद.

त्या मुलाने काय करावं? एक, प्रथम खबरीची आणि दोषारोपपत्राची प्रमाणित प्रत काढावी. नेमकी कलमं कोणती लागली आहेत हे बारा जणांपैकी कुणालाच माहीत नसतं. दोन, त्याचा प्रत्यक्ष सहभाग नसेल तर दोषमुक्तीचा अर्ज किंवा उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज यांपैकी काय बसतं ते फौजदारी वकिलाला विचारावं. गावकीत तडजोड झाली असेल तर तिचा तिथे उपयोग होऊ शकतो. तीन, हे सगळं निवडीची वाट न बघता आता करावं. यादी लागल्यावर धावपळ करणारे पक्षकार माझ्याकडे येतात, तोपर्यंत हातातले दिवस संपलेले असतात.

घटनेच्या वेळी त्याला १८ पूर्ण नसतील तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ वाचून घ्या. अल्पवयातल्या कृत्यामुळे पुढे अपात्रता येऊ नये असं ते सांगतं. सोळा-अठरा वयोगटात प्रौढ म्हणून खटला चाललेले याला अपवाद आहेत.

आंदोलनातल्या गुन्ह्यांबाबत सरकार वेळोवेळी खटले मागे घेण्याचे निर्णय घेतं. ‘घोषणा झाली’ म्हणून स्वस्थ बसू नका. न्यायालयातून खटला प्रत्यक्ष मागे घेतल्याचा आदेश हातात हवा.

वऱ्हाडी_ठेचा

सगळं चांगलं चाललंय, पण मला एक गोष्ट खटकते. धाग्यात पळण्यावर एवढं लिहिलंय आणि लेखीवर कुणी बोलत नाही. १५० पैकी १०० गुण लेखीचे आहेत! अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, मराठी व्याकरण. ९० मिनिटांत १०० प्रश्न, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत.

हिशोब करा. एकाला ग्राउंडला ४४ आणि लेखीला ७२, बेरीज ११६. दुसऱ्याला ग्राउंडला ३६ आणि लेखीला ८६, बेरीज १२२. नोकरी दुसऱ्याला. आमच्या भागातली पोरं सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास मैदानावर घालवतात आणि पुस्तकापुढे बसली की डुलक्या घेतात.

मैदानमित्र

ठेचाभाऊ, तुमचा हिशोब बरोबर, पण एका पायरीवर तो अडतो. ३६ वाल्याला लेखीला बोलावतील का? दर जागेमागे दहाच जण आत जातात आणि ती यादी ग्राउंडच्या गुणांवर लागते. ज्या घटकात, म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किंवा शहराच्या पोलीस दलात, खुल्या प्रवर्गाची यादी ३८ ला थांबली तिथे तुमचा ८६ वाला घरीच राहील. म्हणून ग्राउंड हे दार आहे आणि ते आधी उघडावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा

हे मान्य. पण मग मुलांनी असं करावं: ग्राउंड ४० च्या आसपास स्थिर झालं की तिथून पुढचे तीन-चार गुण मिळवायला सहा महिने घालवू नयेत. तेवढ्या वेळात अंकगणितात पंधरा गुण वाढतात. शेकडेवारी, काळ-काम-वेग, सरळव्याज, गुणोत्तर, सरासरी एवढ्यावर जुन्या प्रश्नपत्रिकांचा मोठा भाग उभा आहे. जिल्ह्याजिल्ह्यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतात, त्या घड्याळ लावून सोडवा. व्याकरणात समास, प्रयोग, विभक्ती, वाक्प्रचार. आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तकं पुरतात. हजारोंच्या फीवाल्या वर्गाला जायची गरज नाही. माझ्या चुलतभावाने एका अ‍ॅकॅडमीत वर्षाची फी भरली, तिथे लेखीच्या नावाखाली नुसती यादीतली नावं पाठ करून घेतली, गणिताला शिक्षकच नव्हता. फी भरण्याआधी गणिताच्या तासाला बसून बघा, एवढं सांगतो.

गोंयकार_मनीस

आमच्या गोव्यात शिपाई व्हायचं तर १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठी येत असेल तर बरं, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. सिंधुदुर्गातली मुलं कधी कधी दोन्हीकडे अर्ज करू म्हणतात, त्यांनी रहिवासाची अट आधी बघावी.

जुना_फौजदार

निवृत्त आहे. वर बहुतेकांनी शिपाई पदाचं लिहिलं. ज्यांची पदवी झाली आहे किंवा होत आली आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट सांगतो.

पोलीस उपनिरीक्षक महाराष्ट्र लोकसेवा आयोगातून होतो. कुठल्याही शाखेची पदवी लागते, वय १९ ते ३१, मागासवर्गीयांना ३४ पर्यंत. उंची पुरुषांना १६५, महिलांना १५७ सेंटिमीटर. शिपाई पदापेक्षा मुलींना दोन सेंटिमीटर जास्त लागतात हे ध्यानात ठेवा. पूर्व परीक्षा, मुख्य परीक्षा, शारीरिक चाचणी आणि मुलाखत. शारीरिक चाचणी आता पात्रतेपुरती आहे. प्रशिक्षण नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. त्याच्या वर सहायक पोलीस आयुक्त, तो राज्यसेवेतून. आणि भारतीय पोलीस सेवा, ती केंद्रीय लोकसेवा आयोगातून.

पण शिपाई म्हणून लागलेल्यालाही वर जाता येतं, हे मुलांना ठासून सांगा. उपनिरीक्षकांच्या निम्म्या जागा सरळसेवेच्या, पाव जागा बढतीच्या आणि पाव खात्यांतर्गत मर्यादित परीक्षेच्या, अशी नियमातली रचना आहे. २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द झालं, त्यामुळे शिपाई आता थेट हवालदार होतो, मग सहायक फौजदार. माझ्या हाताखाली आलेल्या शिपायांपैकी काही जण ठाणे अंमलदाराची रात्रपाळी करता करता अभ्यास करून साहेब झाले.

पगाराचं विचारतात म्हणून: शिपायाचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगात २१,७०० पासून, उपनिरीक्षकाचं ३८,६०० पासून, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे.

नियमात न लिहिलेली एक पात्रताही सांगतो. शहरात माणसांशी बोलता आलं पाहिजे. नाकाबंदीला दारू प्यालेला मोटारवाला ‘मी कोण आहे माहितीय का’ म्हणून अंगावर येतो, ठाण्यात रात्री दोनला नवऱ्याच्या माराने सुजलेली बाई येते आणि तक्रार द्यायला घाबरते, चौपाटीवर हरवलेलं पोर फक्त भोजपुरी बोलतं. यातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलावं लागतं. तिथे १६०० मीटर कामाला येत नाहीत. आमच्या वेळी हे कुणी शिकवलं नाही, वरिष्ठ हवालदारांच्या मागे उभं राहून शिकलो. आता प्रशिक्षणात यावर भर देतात असं ऐकतो, आणि तो द्यायलाच हवा.

लाईनीतली_वहिनी

फौजदार काकांनी लिहिलंय ते खरं आहे. माझे मिस्टर मुंबईत आहेत, मी घरच्या बाजूने लिहिते.

ज्यांना मुंबई हवी आहे त्यांनी गणपती, नवरात्र, ३१ डिसेंबर, निवडणूक या दिवसांत आपण घरी नसणार हे आधीच धरून चालावं. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला. ज्या काळात तो आमच्या ठाण्यात नीट चालला, त्या काळात मुलांना बाबा दिसायला लागले होते. बंदोबस्त लागला की तास पुन्हा वाढतात.

घराचं बघा. क्वार्टर लगेच मिळत नाही, नंबर लागतो, आणि जुन्या लाईनीतल्या खोल्या अगदी लहान. बरेच जण कसारा, कर्जत, वसईकडून येऊन-जाऊन करतात. मग ड्युटीच्या तासांत प्रवासाचे तीन-चार तास मिळवा. हे ऐकून कुणी मागे फिरावं म्हणून लिहीत नाही. मला या नोकरीचा अभिमान आहे. पण लग्न ठरवताना मुलीकडच्यांना हे खरं सांगत चला.

तासगावकर_सुमित

दादा-ताईंनो, एक शंका. माझ्याकडे हलक्या वाहनाचा परवाना आहे, मी टेम्पो चालवतो. चालक शिपायाचा अर्ज भरला तर साधा शिपाई भरता येणार नाही का?

खाकी_लाईन

दोन्ही भरता येतात, पदं वेगळी आहेत. एका पदासाठी एकाच घटकात एकच अर्ज, हा नियम. म्हणजे शिपाई पदासाठी मुंबई आणि सांगली असे दोन अर्ज केलेत तर अडचण. शिपाईला मुंबई आणि चालकाला सांगली, हे चालतं. २०२४ ला एकाच पदाला दोन-तीन ठिकाणी अर्ज केलेल्यांना हमीपत्र द्यायला लागलं होतं.

चालकासाठी वय १९ पूर्ण हवं. परवाना एलएमव्ही-टीआर, म्हणजे हलक्या वाहतूक वाहनाचा, असावा लागतो आणि जाहिरातीत सांगितलेल्या तारखेआधीचा. टेम्पो चालवतोस म्हणजे असेलच, तरी कार्डाच्या मागची बाजू बघून खात्री कर. ग्राउंडला १०० मीटर नसतं, १६०० मीटर आणि गोळा यांवरच ५० गुण. वाहन चालवण्याची कौशल्य चाचणी वेगळी होते आणि लेखीत वाहतुकीच्या नियमांवर प्रश्न येतात. रिव्हर्सचा सराव करून ठेव, तिथे चांगले चांगले ड्रायव्हर गडबडतात.

तासगावकर_सुमित

आभारी आहे दादा. कार्ड बघितलं, टीआर आहे. उद्या सेतूत जाऊन नॉन-क्रिमिलेयरचा अर्ज टाकतो.